गप्प माणसाचं अप्रेझल

"कामाबद्दल तक्रारच नाही. फक्त थोडं बोलत जा. व्हिजिबिलिटी कमी पडतेय." हिंजवडीत, ऐरोलीत, पवईत, दर वर्षी अप्रेझलच्या मोसमात ही वाक्यं इतक्या जणांना ऐकवली जातात की ती फॉर्मवरच छापून ठेवायला हरकत नाही. ऐकणारा मान हलवतो, बाहेर येतो आणि दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर 'इथे बडबड्यांचंच चालतं' असं मनाशी म्हणून पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालतो. नाहीतर पुढच्या मीटिंगमध्ये ओढूनताणून काहीतरी बोलतो, ते नेमकं फसतं आणि तो पुन्हा गप्प होतो. मॅनेजरचा सल्ला खोटा नसतो, पण अर्धा असतो. बोलायचं म्हणजे कुठे, केव्हा आणि कुणाशी, हे तो सांगत नाही. बहुतेकदा त्याला ते ठाऊकही नसतं, कारण त्याच्यावर कधी ठरवून बोलायची वेळच आलेली नसते.

हा सल्ला समजून घ्यायचा तर रेटिंग कसं ठरतं ते आधी पाहायला हवं. मोठ्या कंपन्यांत साधारण रीत अशी असते: कर्मचारी सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म भरतो, मॅनेजर त्यावर आपलं रेटिंग टाकतो आणि मग एकाच पातळीवरचे काही मॅनेजर, त्यांचा वरिष्ठ आणि एचआरचा माणूस एका खोलीत बसतात. सर्वांत वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्या असतात, दावेदार जास्त. प्रत्येक मॅनेजर आपल्या माणसासाठी झगडतो. एकेका नावाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. त्या मिनिटांत मॅनेजरला दोन गोष्टी लागतात. एक, या माणसाने वर्षभरात काय केलं ते सांगणारं ठोस वाक्य. दुसरी, समोर बसलेल्यांपैकी कुणाचं तरी "हो, त्याचं काम मी पाहिलंय" हे अनुमोदन. बोलक्या माणसाला ही दोन्ही आयती मिळतात. त्याने सगळ्या मीटिंगांमध्ये आपल्या कामाची वाक्यं आधीच सगळ्यांच्या कानांवर घातलेली असतात. गप्प माणसाचं नाव येतं तेव्हा शेजारच्या टीमचा मॅनेजर विचारतो, "हा कोण?" आणि त्याचा स्वतःचा मॅनेजर म्हणतो, "खूप सिन्सिअर आहे." या विशेषणाने आजवर कुणाचं वरचं रेटिंग टिकलेलं नाही.

म्हणजे निर्णय होतो तो आपण नसलेल्या खोलीत, आणि तिथे आपल्या वतीने दुसरं कुणीतरी बोलतं. अंतर्मुख माणसासाठी ही चांगली बातमी आहे. तिथे त्याला स्वतः बोलायचंच नाही. बोलणाऱ्याच्या हातात मजकूर द्यायचा आहे, आणि तो शांतपणे, आपल्या वेळेने तयार करता येतो. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे: बोलघेवडं होण्याच्या नादी न लागता आपलं म्हणणं मांडण्याची जागा आणि वेळ बदलावी.

त्याआधी अंतर्मुख कोणाला म्हणायचं, याबद्दल थोडं. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी विभागणी मांडली आणि ती जगभर पसरली. शंभर टक्के अंतर्मुख किंवा शंभर टक्के बहिर्मुख माणूस युंगनाही मान्य नव्हता. आपण बहुतेक जण मधेच कुठेतरी असतो. पुढे लंडनमधल्या हान्स आयझेंक यांनी त्याला शरीराची बाजू जोडली. अंतर्मुखांचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्यामुळे बाहेरचा आवाज, गर्दी, उजेड त्यांना लवकर पुरे होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून कोणाला किती लाळ सुटते हे मोजण्याचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. अंतर्मुखांना जास्त सुटली. नंतरच्या संशोधनात हे चित्र इतकं सरळ राहिलं नाही, पण मूळ कल्पनेत तथ्य आहे हे रसेल गीन यांच्या १९८४ च्या प्रयोगातून दिसतं. त्यांनी लोकांना पाठांतराचं काम दिलं आणि कानावर पडणाऱ्या आवाजाची पातळी ज्याची त्याला निवडू दिली. अंतर्मुखांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानात घातला, तेव्हा मात्र दोघांचंही बिघडलं.

बुजरेपणा वेगळा. बुजऱ्या माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुखाला धास्ती असेलच असं नाही, त्याला फक्त गलका नको असतो आणि बोलण्याआधी विचार जुळवायला थोडा वेळ हवा असतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, पण उपाय निराळे आहेत. आणि अंतर्मुख म्हणजे आपोआप सखोल, संवेदनशील, प्रतिभावान, अशी प्रमाणपत्रं वाटत सुटलेली जी पुस्तकं अलीकडे निघतात, त्यांच्यावर फार विसंबू नये. उथळ अंतर्मुखही पुष्कळ असतात. गप्प असल्यामुळे ते उशिरा कळतात, इतकंच.

आता मीटिंगकडे येऊ. खरा घोळ तिथेच होतो.

कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ या अमेरिकन संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांचे छोटे गट करून त्यांना मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेतली गणितं सोडवायला दिली. ज्यांच्या स्वभावात वर्चस्व होतं त्यांना गटातल्या इतरांनी जास्त हुशार ठरवलं, पण प्रत्यक्षात त्यांचं गणित इतरांपेक्षा चांगलं नव्हतं. ते फक्त आधी आणि जास्त वेळा उत्तरं देत होते. ९४ टक्के वेळा गटाने पहिलं सुचवलेलं उत्तरच अंतिम म्हणून स्वीकारलं. आपल्या मीटिंगांमध्ये याहून वेगळं काय घडतं? मुद्दा नीट तपासून पंधराव्या मिनिटाला बोलायचं ठरवलेला माणूस हात वर करतो, तोवर पहिल्या मिनिटाला फेकलेली कल्पना फळ्यावर चढलेली असते आणि तिच्या डेडलाइनवर चर्चा सुरू असते.

एकत्र बसून धडाधड कल्पना सुचवण्याची जी पद्धत आपण ब्रेनस्टॉर्मिंग म्हणून पाळतो, ती अ‍ॅलेक्स ऑसबर्न या जाहिरातक्षेत्रातल्या माणसाने लोकप्रिय केली. त्यांचं त्यावरचं गाजलेलं पुस्तक १९५३ चं. त्यानंतर पाचच वर्षांत, १९५८ मध्ये, येल विद्यापीठात ती पद्धत तपासून पाहिली गेली. चौघांना एकत्र बसवून मिळालेल्या कल्पना आणि चौघांना वेगवेगळं बसवून, मग एकत्र करून मिळालेल्या कल्पना यांची तुलना केली. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्यामागचं मुख्य कारण दाखवून दिलं. एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत स्वतःची कल्पना धरून बसतात, नवीन सुचणं थांबतं आणि धरलेलीही कधी निसटते. हे सगळं माहीत होऊन इतकी वर्षं झाली, तरी ऑफिसातल्या मार्कर पेनांचा खप कमी झालेला नाही.

यातून वाट काढायची तर मीटिंगच्या आधीचा वेळ हाती घ्यायला हवा. अजेंडा येत नसेल तर मागावा. "उद्या नेमकं काय ठरवायचंय?" हा प्रश्न मेलवर विचारला तर कुणाला राग येत नाही, उलट बऱ्याचदा बोलावणाऱ्यालाच तो पहिल्यांदा पडतो. मग आपलं म्हणणं आदल्या दिवशी पाच-सहा ओळींत पाठवावं: अडचण काय, आपल्या मते पर्याय कुठला, त्यात धोका काय. असं केल्यावर पहिलं उत्तर आपलं असतं, आणि तेही तोंड न उघडता. प्रत्यक्ष मीटिंगमध्ये पहिल्या काही मिनिटांत एकदा बोलून घ्यावं. मुद्दा मोठा नसला तरी चालेल, "काल पाठवलेल्या टिपणातला दुसरा पर्याय आधी पाहूया का?" एवढंही पुरतं. जितका वेळ गप्प बसावं तितकं पहिलं वाक्य जड होत जातं, हे ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

लिहून आधी पाठवणं म्हणजे चोरवाट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी एक माहिती. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट बंद केलं. त्याऐवजी सलग वाक्यांत लिहिलेलं, फार तर सहा पानांचं टिपण आणायचं, आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांनी ते तिथेच बसून मुकाट्याने वाचायचं. चर्चा त्यानंतर. गप्प माणसांची सोय करायला त्यांनी हे केलं नव्हतं. सलग लिहिताना विचारातली भोकं झाकता येत नाहीत, हे त्यामागचं कारण होतं. आपल्याकडे मॅनेजमेंटच्या प्रवेशात ग्रुप डिस्कशन नावाचा जो मासळीबाजार चाले, तो २०१२ च्या सुमारास अनेक आयआयएमनी वगळला आणि त्या जागी लेखनचाचणी आणली. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये मात्र तो बाजार अजून कुठे कुठे भरतो. तिथे उतरावंच लागलं तर सर्वांत मोठ्या आवाजाशी स्पर्धा करू नये. दोघांचं भांडण जुंपलेलं असताना "आतापर्यंत तीन मुद्दे झाले, चौथा राहिलाय" असं म्हणणाऱ्याकडे परीक्षक हमखास पाहतात.

सॉफ्टवेअर कंपन्यांतला रोज सकाळचा स्टँड-अप गप्प माणसांना जाचक वाटतो. माझं मत उलट आहे. पंधरा मिनिटांची मर्यादा, विषय ठरलेला, आणि बहुतेक टीममध्ये प्रत्येकाची पाळी येतेच. कुणाचं वाक्य तोडून आत घुसावं लागत नाही. अंतर्मुखांसाठी याहून सोयीची सभा मिळायची नाही. पण तिथे "कालचंच काम चालू आहे" असं पुटपुटून पाळी घालवणारे असंख्य असतात. त्याऐवजी "पेमेंटच्या पानावरची चूक सापडली, कारण जुनी लायब्ररी होती, आज दुपारपर्यंत दुरुस्ती होईल" असं म्हटलं तर दहा सेकंद लागतात. ही दहा सेकंदांची वाक्यं घरून निघतानाच जुळवून ठेवावीत.

आणि सर्वांत महत्त्वाचं टिपण शुक्रवारचं. आठवड्यात काय पूर्ण झालं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय, हे मॅनेजरला चार-पाच ओळींत पाठवायचं. कुणी मागितलं नसलं तरी पाठवायचं. यात "मी खूप मेहनत घेतली" छापाचं काही नको. फक्त घडलेलं लिहावं, आणि जमेल तिथे आकडा द्यावा: रोज दोन तास हाताने चालणारं काम आता स्क्रिप्टवर दहा मिनिटांत होतं, ग्राहकाच्या इतक्या तक्रारी बंद केल्या, अमुकाला कोडच्या तमुक भागाची ओळख करून दिली. दुसऱ्याने मदत केली असेल तर त्याचंही नाव घालावं. त्याने आपलं वजन घटत नाही, उलट टिपण खरं वाटतं. स्वतःची टिमकी वाजवायला ज्यांना संकोच वाटतो त्यांना ही रीत मानवते, कारण ही टिमकी नव्हे, हिशेब आहे. वर्षाच्या शेवटी ही टिपणं एकाखाली एक ठेवली की सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म तासाभरात भरून होतो, आणि त्या बंद खोलीत मॅनेजरच्या हाती वाक्यं असतात. मॅनेजर मधेच बदलला तर ही टिपणं आणखी उपयोगी पडतात. नव्या मॅनेजरला आपला मागचा इतिहास दुसरं कुणी सांगणार नसतं.

"हो, त्याचं काम मी पाहिलंय" हे दुसऱ्या टीमकडून यायला हवं असेल तर तिथे एक-दोन माणसं जोडावी लागतात. 'नेटवर्किंग' म्हटलं की डोळ्यांसमोर पार्टीतली गर्दी येते आणि अंगावर काटा येतो. पण पार्टीत तीस जणांशी हात मिळवण्याची काहीच गरज नाही. ज्या टीमशी आपलं काम अडतं तिथल्या एकाबरोबर महिन्यातून एकदा कटिंग चहा घ्यावा आणि त्याच्या अडचणीबद्दल विचारावं. समोरासमोर एकाशी बोलणं बहुतेक अंतर्मुखांना छान जमतं. ऐकून घेणारा माणूस ऑफिसात दुर्मीळ असल्यामुळे तो लक्षातही राहतो. जे तोंडी जमत नाही ते पत्राने जमतं, याला मराठीत मोठा दाखला आहे. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे कथाकार जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून कटाक्षाने दूर राहत. पण वर्गात ते वर्षानुवर्षं शिकवत होते, आणि त्यांच्या निवडक पत्रांचेच खंड निघाले. न भेटताही माणसं किती जवळ आणता येतात हे त्यात दिसतं.

अंतर्मुखाला वर्गात उभं राहणं जमतं कसं? कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ ब्रायन लिटल स्वतः कमालीचे अंतर्मुख, पण व्याख्याते म्हणून विद्यार्थ्यांचे लाडके. त्यांचं म्हणणं असं की ज्या कामावर आपला जीव असतो त्यासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, फक्त त्याची भरपाई नंतर करावी लागते. क्वेबेकमधल्या सैनिकी महाविद्यालयात ते व्याख्यानाला जात. दोन सत्रांच्या मधल्या वेळेत यजमानांबरोबर जेवायचं टाळण्यासाठी ते नदीकाठची जहाजं पाहायचं निमित्त काढून एकटे फिरून येत. पुढे व्याख्यानाची जागा बदलली, नदी राहिली नाही, तेव्हा ते चक्क स्वच्छतागृहात जाऊन बसू लागले. तर ज्या दिवशी क्लायंटसमोर सादरीकरण आहे त्या दिवशी जेवणाची सुट्टी एकट्याने घालवायला लाजू नये. डबा घेऊन जिन्यात बसलात तरी चालेल.

ओपन ऑफिसचं काय करायचं, हा प्रश्न मात्र एकट्याच्या हातातला नाही. भिंती पाडल्या की लोक एकमेकांशी जास्त बोलतील, या समजुतीवर कंपन्यांनी भरपूर पैसा खर्च केला. इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या मुख्यालयांत कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून मोजणी केली. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. लोकांनी कानांत हेडफोन घालून नव्या भिंती उभ्या केल्या. तुमच्या ऑफिसात तेवढी सवलत असेल तर ती घ्या, आणि सर्वांत अवघड काम गलका सुरू होण्याआधीच्या वेळेत उरका.

घरून काम हा अंतर्मुखांना स्वर्ग वाटतो. तिथे एक खाचखळगा आहे. शांघायच्या सीट्रिप या प्रवासकंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिने प्रयोग केला. कॉल सेंटरमधले जे कर्मचारी घरून काम करत होते त्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, पण तितक्याच कामगिरीला ऑफिसात बसणाऱ्यांच्या तुलनेत त्यांना बढती कमी मिळाली. डोळ्यांआड गेलेल्या माणसाला शुक्रवारचं टिपण दुप्पट गरजेचं असतं.

टीम लीड होण्याची वेळ आली की गप्प माणूस स्वतःच माघार घेतो, "मला लोकांना हाकणं जमणार नाही." अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांचा २०११ चा अभ्यास त्याने जरूर लक्षात ठेवावा. त्यांनी अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीची ५७ दुकानं तपासली. कर्मचारी सांगितलं तेवढंच करणारे असतील तिथे बहिर्मुख मॅनेजरच्या दुकानाचा नफा १६ टक्क्यांनी जास्त होता. पण कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील तिथे बहिर्मुख मॅनेजरचा नफा १४ टक्क्यांनी कमी. अंतर्मुख मॅनेजर सूचना ऐकून घेतो, हे त्याचं एक कारण. तेव्हा टीम स्वीकारताना आपल्या हाताखाली कोण आहे ते पाहावं. चार डोकेबाज मुलं असतील तर नाही म्हणू नये. विक्रीचंही तसंच. ग्रँट यांनीच २०१३ च्या अभ्यासात एका कॉल सेंटरच्या ३४० विक्रेत्यांची कमाई मोजली, तेव्हा सर्वांत पुढे निघाले ते ना पक्के बहिर्मुख ना पक्के अंतर्मुख, तर मधले.

या सगळ्याचा आधार घेऊन "मी इंट्रोव्हर्ट आहे, मला सांगू नका" म्हणणाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झालाय. त्यांच्याशी माझं जमत नाही. स्वभाव हे काम टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. कॅनडातल्या जॉन झेलेन्स्की यांच्या अभ्यासात असं दिसलं की अंतर्मुख लोक, आपण मोकळेपणाने वागलो तर आपल्याला किती अवघड जाईल, याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा वाईट बांधतात. करून पाहिल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्याला मर्यादाही आहे. २०१९ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं, तेव्हा जे मुळात फार अंतर्मुख होते ते थकले आणि त्यांना फायदाही कमी झाला. तासभर जमतं, रोज आठ तास नाही. आणि काही गोष्टी मेलवर होत नाहीत. प्रोजेक्ट चुकतोय हे सांगायचं असेल, हाताखालच्याला वाईट रेटिंग द्यायचं असेल, पगारवाढ मागायची असेल, तर समोर बसून बोलावं लागतं. पगाराचं बोलताना आकडा आधी कागदावर लिहून न्या, तो एकदा स्पष्ट उच्चारा, आणि मग थांबा. त्या शांततेत बोलका माणूस घाबरून स्वतःच आपला आकडा खाली आणतो. तुम्हाला शांततेची सवय आहे.

वाचणाऱ्यांपैकी जे आज मॅनेजर आहेत त्यांना एक विनंती. पुढच्या मीटिंगचा विषय आदल्या दिवशी कळवा, सुरुवातीची पाच मिनिटं प्रत्येकाला आपलं मत कागदावर लिहू द्या, आणि बोलायची पाळी सर्वांत नव्या, सर्वांत गप्प माणसापासून सुरू करा. तुमचं स्वतःचं मत शेवटी सांगा. खर्च शून्य आहे.